सूत्रे कोणाच्या हाती? : ‘तेत्सुजिन २८’ पुन्हा वाचताना

१९५६ च्या जुलै महिन्यात जपान सरकारने आपली आर्थिक श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली आणि ‘युद्धोत्तर’ म्हणावा असा काळ आता संपला, असा निर्वाळा तीत दिला. हे वाक्य पुढे जपानमध्ये फार गाजले. योगायोग असा की, त्याच जुलैच्या अंकापासून ‘शोनेन’ या मुलांच्या मासिकात एक साहसी चित्रकथा क्रमशः येऊ लागली. तिचा विषय होता युद्धाने मागे ठेवलेले आणि कोणालाही न आवरणारे एक अवाढव्य यंत्र. चित्रकथेचे नाव ‘तेत्सुजिन २८-गो’, चित्रकार-लेखक मित्सुतेरू योकोयामा. सरकार युद्ध विसरायला निघाले होते, आणि दहा-बारा वर्षांची मुले दर महिन्याला तेच युद्ध पुन्हा उकरून काढत होती.

‘तेत्सुजिन’ म्हणजे लोखंडी माणूस. ‘लोहपुरुष’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरदार पटेलच उभे राहतात, म्हणून येथे मूळ नावच ठेवलेले बरे. राक्षसी आकाराचा आणि माणसाने चालवायचा यंत्रमानव ही पुढे जपानी चित्रकथांत व चित्रपटांत शेकड्यांनी अवतरलेली कल्पना. तिच्या उगमाशी ही चित्रकथा मानली जाते. १९६६ पर्यंत ती चालली. १९६३ साली तिच्यावर दूरचित्रवाणीची चलच्चित्र मालिका निघाली आणि तिचे ५२ भाग ‘जायगँटर’ या नावाने इंग्रजीत गेले. इतिहास म्हणून एवढी माहिती पुरे. मुद्दा वेगळा आहे.

कथेची मांडणी अशी. दुसरे महायुद्ध हरण्याच्या बेतात असताना जपानी लष्कर शत्रूवर सोडण्यासाठी गुप्तपणे एक यंत्र तयार करवून घेते. एकामागून एक प्रयत्न फसतात; अठ्ठाविसावा साधतो, पण तोवर युद्धच संपते. आता या यंत्राचे करायचे काय? त्याला मन नाही, बुद्धी नाही, वाचा नाही. त्याला चालवते ती दोन दांड्यांची एक लहानशी पेटी. ती ज्याच्या हाती, त्याचे ते ऐकते. शोतारो कानेदा या बालगुप्तहेराच्या हाती असली तर ते शहराचे रक्षण करते. चोरांच्या टोळीने पळवली तर तेच यंत्र, त्याच ताकदीने, तेच शहर पाडू लागते. कथेतल्या निम्म्याअधिक झटापटी यंत्रासाठी नसतात, पेटीसाठी असतात.

या ठिकाणी थोडी तुलना उद्बोधक ठरेल. त्याच ‘शोनेन’ मासिकात १९५२ पासून ओसामू तेझुका यांचा ‘तेत्सुवान आतोम’ चालू होता. आतोम हाही यंत्रच, पण त्याला हृदय आहे. मेलेल्या मुलाच्या जागी बापाने घडवलेला तो मुलगा शाळेत जातो, दुःखी होतो, चूक-बरोबर ठरवतो. त्याच्यावर प्रेम करणे सोपे आहे. तेत्सुजिनवर प्रेम करायला जागाच नाही. त्याचा चेहरा बसवलेल्या शिरस्त्राणासारखा आहे. टोकदार नाक आणि न मिटणारे डोळे. लढताना, पडताना, जिंकताना तो चेहरा तसाच राहतो. आपल्याकडे दशावतारात किंवा बोहाड्यात मुखवटा घातलेला नट जसा मान किंचित वळवून मुखवट्याला राग वा करुणा देतो, तसे काही येथे वाचकालाच करावे लागते. हे वैगुण्य नव्हे. किंबहुना योकोयामांची खरी दृष्टी येथेच आहे. यंत्राला भावना दिली की दोषही त्याच्यावर ढकलता येतो. भावना काढून घेतली की नजर आपोआप पेटीकडे जाते.

पुढच्या भागात ‘ब्लॅक ऑक्स’ नावाचा काळा प्रतिस्पर्धी येतो. त्याचे मुख्य हत्यार मुठी नव्हेत. तो रेडिओलहरींत अडथळा आणतो. पेटी शोतारोच्याच हाती असते, दांडे तो हलवतो, आणि तेत्सुजिन जागच्या जागी उभा राहतो. सूत्रे हाती असण्याचा भास आणि सूत्रे हाती असणे यांतला फरक याहून थोडक्यात मुलांना कोणी सांगितला असेल असे वाटत नाही.

योकोयामा यांचा जन्म १९३४ चा, कोबे शहरातला. १९४५ साली अमेरिकी बॉम्बफेकीत कोबे जळाले तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते, म्हणजे शोतारोच्याच वयाचे. बेचिराख झालेले आपले शहर, जर्मनीची ‘व्ही’ मालिकेतली अस्त्रे आणि १९३१ चा ‘फ्रँकेनस्टाइन’ चित्रपट या तिन्हींतून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. तिन्हींत एक सूत्र आहे: माणसाने घडवलेली आणि माणसाच्या हाताबाहेर गेलेली ताकद. त्यात १९५० च्या दशकातला जपान आठवावा. १९४७ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा त्याग केलेला. तरीही १९५४ साली ‘स्वसंरक्षण दल’ या नावाने पुन्हा शस्त्रधारी दल उभे राहिलेले. त्याच वर्षी बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत जपानी मच्छिमारांची नौका सापडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘गोजिरा’ पडद्यावर आला. गोजिराचे उत्तर भयाचे होते: असली ताकद नष्टच केली पाहिजे. योकोयामांनी अधिक अडचणीचा प्रश्न विचारला. ताकद तर उरलेलीच आहे, ती नष्ट होत नाही. मग ती चालवणार कोण?

आणि उत्तर म्हणून त्यांनी पुढे केला एक मुलगा. हे उत्तर अर्थातच अपुरे आहे. शोतारो मोटार चालवतो, पिस्तूल बाळगतो, इन्स्पेक्टर ओत्सुका आणि डॉ. शिकिशिमा यांच्यासारखी मोठी माणसे त्याचा सल्ला घेतात, आपल्या भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला सायकल आणि जिभेच्या ‘ट्टॉक्’वर निभवावे लागते, त्या मानाने याची चैन आहे. परंतु मुलगाच का, याचे एक उत्तर सरळ आहे. त्या देशात १९५६ साली युद्धाचा डाग न लागलेला हात शोधायचा तर तो मुलाचाच असणार. पेटी द्यावी असा प्रौढ माणूस लेखकाला सापडला नाही. कथेतली ही सर्वांत कडू गोष्ट, आणि ती बोलून दाखवलेली नाही.

सोलापुरात बसून हे वाचताना मन दुसऱ्याच दिशेला जाते. तेत्सुजिन ज्या सैन्यासाठी बनत होता असे ही कथा मानते, त्या सैन्याने चीनवर केलेल्या आक्रमणात जखमी झालेल्यांची शुश्रूषा करायला १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे, जन्म १९१०. उत्तर चीनच्या रणभूमीवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांना घरोघर पोहोचवले. गावात त्यांचे स्मारक आहे, आणि चिनी पाहुणे आले की आपल्याला त्याची आठवण होते. ज्या युद्धाला आपण ‘दुसऱ्यांचे’ म्हणतो त्याची एक ओळ आपल्या पेठेतून गेलेली आहे, एवढेच येथे नोंदवायचे. तेत्सुजिन वेळेत तयार झाला असता तर त्याच्या पायाखाली कोण आले असते, हा प्रश्न जपानी बालवाचकाला सुचला नसेल. सोलापूरच्या वाचकाला तो सुचायला हरकत नाही.

मराठी मुलांच्या वाट्याला मात्र या काळात निराळ्या चित्रकथा आल्या. १९६४ साली टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले; ते १९९० पर्यंत चालले आणि मराठीतही निघत असे. ली फॉकचा फँटम तेथे ‘वेताळ’ झाला. हे नामकरण मला आजही अप्रतिम वाटते. एका शब्दात परका नायक स्मशानालगतच्या आपल्या परंपरेत येऊन बसला. पण वेताळ काय किंवा मॅन्ड्रेक काय, त्यांची ताकद त्यांच्या देहात, वंशात, नजरेत आहे. ती हिरावून घेता येत नाही. वेताळाची अंगठी चोरीला गेली तरी चोर वेताळ होत नाही. १९७६ साली आबिद सुरती यांनी चंबळच्या पार्श्वभूमीवर ‘बहादुर’ निर्माण केला, त्याचीही तीच गत. नायकाची ताकद नायकाचीच. तेत्सुजिनच्या जगात असा नायकच नाही; आहे ती एक पेटी आणि तिच्याभोवतीची झोंबाझोंबी.

योकोयामांची दुसरी निर्मिती मात्र आमच्या पिढीपर्यंत पोहोचली, आणि ती कोणाची हे ठाऊक नसताना पोहोचली. १९६७-६८ मध्ये जपानमध्ये २६ भागांत दाखवलेली ‘जायंट रोबो’ ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ म्हणून आली. इजिप्तच्या फॅरोसारखे शिरोवस्त्र ल्यालेला तो रोबॉट आणि मनगटी घड्याळात बोलून त्याला हुकूम सोडणारा जॉनी सोको. दुसऱ्या दिवशी शाळेत घड्याळ नसलेल्या मनगटांवर आम्ही कितीतरी हुकूम सोडले. येथे पेटीची जागा आवाजाने घेतली आहे. यंत्राने प्रथम ज्याचा आवाज ऐकला, त्याचाच हुकूम ते मानणार. आणि शेवटच्या भागात एक विलक्षण गोष्ट घडते. परग्रहावरचा सम्राट गिलोटिन धमकी देतो की माझ्यावर हल्ला केलात तर माझ्या देहातल्या अणुशक्तीचा स्फोट होऊन पृथ्वी नष्ट होईल. तेव्हा रोबॉट, कोणीही न सांगता, त्याला कवेत घेऊन अंतराळात झेपावतो. मुलगा मनगटाशी ओरडत राहतो, परत ये, परत ये. रोबॉट ऐकत नाही. आयुष्यभर हुकूम पाळणाऱ्याने मोडलेला हा एकच हुकूम, आणि तो मोडण्याची किंमत त्याचे स्वतःचे नष्ट होणे. आम्ही मुले त्या भागाला रडलो ते रोबॉट ‘मेला’ म्हणून. आज वाटते, तो मेला तेव्हाच प्रथम जिवंत होता.

येथे ‘रोबॉट’ या शब्दाकडेच वळले पाहिजे, कारण मराठीच्या अभ्यासकाला खरी अडचण तेथे आहे. कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ च्या जानेवारीत प्रागमध्ये रंगभूमीवर आले. त्यातला ‘रोबॉट’ हा शब्द कारेलला त्याचा भाऊ योसेफ याने सुचवला. मूळ चेक शब्द ‘रोबोता’. त्याचा अर्थ यंत्र नव्हे, मानव तर नव्हेच. जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट राबण्याची जी सक्ती होती, ती ‘रोबोता’. हाब्सबुर्ग साम्राज्यात ती १८४८ साली संपली. या शब्दाला नेमका मराठी शब्द आहे, आणि तो आपल्या गावगाड्याने पिढ्यान्पिढ्या भोगलेला आहे: वेठ. चापेकच्या नाटकातले रोबॉट लोखंडाचे नाहीतच. ते रसायनांतून घडवलेले, माणसासारखे दिसणारे राबते देह आहेत, आणि अखेरीस ते उठाव करतात. म्हणजे ‘रोबॉट’चे मराठी ‘वेठ्या’ व्हायला हवे होते. झाले ‘यंत्रमानव’.

भाषांतर म्हणून ‘यंत्रमानव’ सुबक आहे. शाळकरी मुलालाही चटकन उमगते. परंतु या शब्दाने एक गोष्ट उचलून दुसरी टाकून दिली. ‘मानव’ ठेवला, ‘वेठ’ गाळली. परिणामी या विषयावरची आपली चर्चा यंत्र माणसासारखे होईल का, त्याला भावना फुटतील का, ते कविता लिहील का, याभोवती फिरत राहते. ते कोणासाठी राबते आणि त्याच्या राबण्याचे फळ कोणाकडे जाते, हा प्रश्न शब्दातच उरलेला नाही. खुद्द ‘वेठ’ शब्दाचीही गंमत पाहा. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने बिगारीला मनाई केली, १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. आणि वृत्तपत्री मराठीत मात्र आज वेठीस धरतात ते संपकरी! कामगारांनी संप केला की ‘जनता वेठीस’ असा मथळा येतो. ज्याने वेठ केली तोच शब्दाच्या उलथापालथीत वेठीस धरणारा ठरला.

आपल्या परंपरेत हा प्रश्न नव्हता असे मात्र नाही. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त नरवाहनदत्त समुद्रकाठच्या एका नगरात पोहोचतो. रस्त्यात, दुकानांत माणसे वावरत आहेत, पण कोणी बोलत नाही. ती लाकडाची आहेत. राज्यधर नावाच्या सुताराने घडवलेली. या राज्यधराच्या भावाची, प्राणधराची, गोष्ट अधिक बोलकी आहे. चैनीत पैसा संपल्यावर तो दोरीला बांधलेले यांत्रिक हंस घडवतो. रात्री ते खिडकीतून राजाच्या कोठारात शिरतात, रत्ने चोचीत धरतात आणि दोरीने परत येतात. पहारेकरी एके रात्री दोरी कापतात तेव्हा चोरी उघडी पडते. हंसांना कोणी शिक्षा करत नाही. शोध सुरू होतो तो दोरीच्या दुसऱ्या टोकाचा. शोतारोची पेटी आणि प्राणधराची दोरी यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही. सूत्र म्हणजे दोरी, ती धरणारा सूत्रधार. ‘सूत्रे हाती घेणे’ हा वाक्प्रचार आपण सभासंमेलनांच्या वृत्तांतात इतक्यांदा झिजवला की त्याच्या टोकाला कोणीतरी हलवले जात आहे, हे आपण विसरलो.

सूत्राचेच मराठी रूप सूत. आणि सूत म्हटले की सोलापूर.

या शहराने यंत्राचा राक्षस चित्रकथेत पाहण्याआधी पेठेच्या टोकाला उभा पाहिला. १८७० च्या दशकात निघालेली जुनी गिरणी, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर शहर उठे, भोंग्यावर झोपे. त्या गिरण्या आता बंद आहेत. उरला तो पूर्व भागातल्या घराघरांतून खडखडणारा यंत्रमाग. यंत्रमाग आणि यंत्रमानव या दोन शब्दांचे पूर्वपद एकच आहे, पण पहिल्याकडे पाहताना आपण कधी विचारत नाही की याला भावना आहेत का. सोलापुरी चादरीची नक्षी ज्यावर उठते त्या जॅकार्डची हकिकत तर आपल्या विषयाला थेट येऊन भिडते. १८०४ च्या सुमारास ल्योंच्या जोसेफ-मारी जॅकार्डने हे साधन सिद्ध केले. पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या एकीला एक ओवून मागाच्या माथ्यावर टांगायच्या. जेथे भोक तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे नाही तेथे तो खाली राहतो. एक पट्टी, बाण्याची एक फेक. हुकूम आधीच भोकांत लिहून ठेवलेला असतो. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पट्ट्यांची युक्ती उचलली, आणि तेथून पुढे संगणकाचा वंश सुरू होतो. तात्पर्य, तेत्सुजिनच्या पेटीची पणजी आपल्या पूर्व भागात कित्येक दशके छताला टांगलेली होती. आता तिची जागा कोठे कोठे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घेत आहे.

या मागाशी उभा असलेला माणूस काय करतो? तुटलेला धागा जोडतो, धोट्यातली कांडी बदलतो, नजर ठेवतो. नक्षी त्याची नाही. वेग त्याचा नाही. धागा तुटण्याची वेळही त्याची नाही. चापेकच्या अर्थाने पाहिले तर या जोडीत रोबॉट कोण, हे ठरवणे अवघड नाही. मर्ढेकरांनी यंत्रयुगातल्या माणसाचे हे रूप मराठी कवितेत आणले, त्याला पाऊण शतक उलटले. आपण त्यांच्या प्रतिमांवर प्रबंध लिहिले. पण त्याच काळात मुलांच्या चित्रकथांतून तोच प्रश्न वेगळ्या अंगाने मांडला जात होता, तिकडे समीक्षेने ढुंकून पाहिले नाही. चित्रकथा म्हणजे वाचनाची पहिली पायरी, कालांतराने सोडून द्यायची, हा आपला समज. जपानमध्ये तसे झाले नाही. योकोयामा २००४ मध्ये वारले; २००९ साली त्यांच्या कोबेतल्या नागाता भागात तेत्सुजिनचा १८ मीटर उंचीचा पुतळा उभारला गेला. नागाता हा पादत्राणे बनवणाऱ्या लहानलहान कारखान्यांचा भाग, १९९५ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत होरपळलेला. पुतळ्यासाठी पुढाकार घेतला तो तेथल्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनी. पुतळा मूठ उगारून उभा आहे. शेजारी शोतारो नाही, आणि पेटीही नाही.

पदव्युत्तर वर्गात बालसाहित्य शिकवताना एकदा मी तेत्सुजिनची गोष्ट सांगितली आणि विचारले, पेटी कोणाच्या हाती असावी? शास्त्रज्ञाच्या, सरकारच्या, लोकांच्या, अशी अपेक्षित उत्तरे आली. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या घरी चार माग आहेत, म्हणाली, “सर, आमच्याकडे माग आमचेच आहेत. पण सूत व्यापारी देतो, डिझाईन तोच देतो आणि चादरही तोच उचलतो. आम्हाला मजुरी मिळते.” वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग कोणीतरी विचारले की सुताचा भाव ठरवतो कोण, आणि तास संपेपर्यंत आम्ही तेत्सुजिनकडे परत गेलो नाही.